सकाळीच दिसली होतीस

"काल संध्याकाळी कॅनॉलच्या कडेनं चालली होतीस ना? मी हात केला, तर तू बघितलंही नाहीस," शेजारच्या आजीबाई म्हणाल्या. आम्ही दोघी आपापल्या फाटकाशी होतो. त्या हिरवा डबा फुटपाथवर ढकलत होत्या, मी तपकिरी. डब्लिनमध्ये शेजाऱ्यांशी धड बोलणं होतं ते बहुतेक कचऱ्याची गाडी यायच्या आदल्या संध्याकाळीच. मी म्हटलं, अहो ती मी नव्हते, काल दिवसभर कॉर्कला होते ऑफिसच्या कामासाठी, रात्री उशिराच्या गाडीनं आले. एवढ्यावर विषय मिटायला हवा होता. पण त्यांचा हात डब्याच्या दांडीवर तसाच राहिला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या. देव आपल्या आणि अरिष्टाच्या मध्ये उभा राहो, अशा अर्थाचं इथल्या जुन्या माणसांचं एक वाक्य आहे, ते. मग एकदम आवाज चढवून म्हणाल्या, "संध्याकाळ कुठली! मी पण ना. सकाळीच दिसली होतीस तू. दहाच्या सुमाराला. चांगलं ऊन पडलं होतं."

आता सकाळी दहालाही मी कॉर्कलाच होते, त्यामुळे या दुरुस्तीनं काहीच जुळत नव्हतं. आणि ऊन? दोरीवर विसरून गेलेले माझे टॉवेल अजून निथळत होते. पण बाई इतक्या ठामपणे बोलल्या की मी आपली मान डोलावली. मग त्यांनी घाईघाईनं पुढच्या आठवड्यात काळा डबा काढायचा की हिरवा असं विचारलं, जे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत असतं, आणि उत्तराची वाट न बघता दार लावून घेतलं. मी ओल्या टॉवेलांसमोर उभी. माणसाची नजरचूक होते, मान्य. पण नजरचूक झाली हे कळल्यावर कुणी वेळ का बदलेल?

याचं उत्तर मला सापडलं ते दोनशे वर्षांपूर्वीच्या एका कथेत. आजीबाई मूळच्या वेक्सफर्डकडच्या, आग्नेय आयर्लंडच्या, आणि त्या पट्ट्यात 'फेच' नावाचा प्रकार पूर्वी सगळ्यांच्या परिचयाचा होता. फेच म्हणजे जिवंत माणसाची हुबेहूब प्रतिमा. तीच उंची, तोच कोट, चालण्याची तीच ढब. बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, आणि बघता बघता नाहीशी होते. हे मेलेल्याचं भूत नव्हे. ज्याची प्रतिमा तो माणूस त्या वेळी दुसरीकडे कुठेतरी धडधाकट बसून बटाटे खात असतो. किल्केनीच्या जॉन आणि मायकेल बॅनिम या भावांनी 1825 मध्ये 'टेल्स बाय द ओ'हारा फॅमिली' या नावानं कथा छापल्या. त्यातली एक या फेचवरच आहे, आणि तिच्यात नियम अगदी पंचांगात द्यावा तसा दिलाय. फेच सकाळी दिसला तर त्या माणसाला उदंड आयुष्य. संध्याकाळी दिसला तर मरण दाराशी.

म्हणजे बाईंनी फाटकाशी उभ्या उभ्या, ओल्याचिंब दिवसात खोटं ऊन पाडून, माझं आयुष्य वाढवून दिलं होतं.

मला आधी हसू आलं, मग जरा गलबलून आलं, आणि मग, खोटं कशाला बोलू, थोडी भीतीही वाटली. कारण दुरुस्ती करायच्या आधी त्या जे बोलल्या होत्या ते मी ऐकलं होतंच. लहानपणी तिन्हीसांजेला तोंडातून अभद्र शब्द निघाला की आजी पाठीत धपाटा घालायची, वास्तू तथास्तु म्हणते म्हणून. दिवेलागणीला झोपायचं नाही, केर काढायचा नाही, उंबऱ्यावर बसायचं नाही. उजेड चढताना जे घडतं ते शुभ आणि उतरताना घडतं ते अशुभ, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. फक्त आयर्लंडमध्ये हा नियम लावायचा कसा, ते कळत नाही. डिसेंबरात इथे सूर्य पावणेनऊच्या आसपास उगवतो आणि चारच्या जरा पुढे मावळतो. जूनमध्ये रात्री दहाला लोक बागेत वाचत बसलेले असतात. डिसेंबरात दुपारच्या चहाला दिसलेला फेच संध्याकाळचा म्हणायचा का? आणि जूनमध्ये साडेनऊला दिसला तर? ज्यांनी हा नियम केला त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नसणार. बघणाऱ्याच्या मनाला जे वाटलं ती संध्याकाळ. म्हणूनच तर आजीबाईंना ती बदलता आली.

बरं, त्यांना दिसलं कोण, याबद्दल माझा एक साधा अंदाज आहे. आमच्या भागातून संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमाराला बऱ्याच भारतीय नर्सेस रात्रपाळीला जातात, बहुतेक केरळच्या. जाड काळं जाकीट, पाठीवर सॅक, कानात इअरफोन, मान खाली. माझंही जाकीट काळं आहे. वयोमानानुसार नजर अधू, वर पाऊस, त्यात आम्ही सगळ्याजणी त्यांना एकसारख्या दिसतो हे उघड गुपित. तेव्हा माझा फेच म्हणजे कोट्टायमकडची एखादी मुलगी असणार, जिला हात केलेला कळलाच नाही, कारण ती घरी फोनवर बोलत होती. हे सुचल्यावर भीती गेली आणि तिच्या जागी जरा राग आला. इतकी वर्षं शेजारी राहून माझी चाल ओळखू येऊ नये? पण मग लक्षात आलं की चाल ओळखली म्हणूनच तर त्यांनी हात केला होता.

पुन्हा फेचकडे. आयर्लंडात मरणाची सूचना देणारे कमी नाहीत. बॅन्शी तर जगप्रसिद्ध. केस विंचरत रडणारी ती बाई, जी 'ओ' आणि 'मॅक' लावणाऱ्या जुन्या घराण्यांसाठी आक्रोश करते म्हणतात. मरणाची गाडी आहे, बिनडोक्याचा घोडेस्वार आहे. 1937 ते 1939 या काळात इथे सुमारे पाच हजार शाळांतल्या पन्नासेक हजार मुलांना वह्या देऊन, घरातल्या म्हाताऱ्यांकडून जुन्या गोष्टी ऐकून लिहून आणायला सांगितलं होतं. ते सगळे कागद आता इंटरनेटवर बघता येतात, मुलांच्या गोल, रेघेवर बसवलेल्या अक्षरासकट. रात्री जेवण झाल्यावर मी ते चाळत बसते. तिथे मला तरी बॅन्शीच जास्त भेटली. साहजिक आहे. तिचं रडणं सगळ्या आळीला ऐकू जातं, दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्याची चर्चा करता येते. फेचचं तसं नाही. तो एकालाच दिसतो, आवाज करत नाही, आणि ज्याला दिसतो तो सहसा घरातलाच कुणीतरी असतो. म्हणजे सगळं ओझं त्या बघणाऱ्याच्या पोटात. सांगावं तर कसं सांगावं? "आज तुम्ही दोन दिसलात"?

या ओझ्याची मला माहीत असलेली सगळ्यात चांगली गोष्ट पॅट्रिक केनेडी यांनी नोंदवली आहे. हे गृहस्थही वेक्सफर्डचे. डब्लिनमध्ये पुस्तकांचं दुकान चालवायचे आणि गावाकडच्या कथा लिहून ठेवायचे. 1866 च्या त्यांच्या संग्रहात एका डॉक्टरची दीड-दोन पानांची हकिकत आहे. डॉक्टरांच्या बायकोला मध्यरात्री जाग येते. खोलीत चांदणं आलेलं असतं. खिडकीजवळच्या टेबलाशी नवरा उभा असतो आणि टेबलावरच्या उघड्या पुस्तकाकडे लक्ष देऊन पाहत असतो. आणि नवरा तर तिच्या शेजारी झोपलेला आहे. ती किंचाळत नाही, हलतसुद्धा नाही. आपण हललो आणि हे जागे झाले तर त्यांनाही ते दिसेल, या धास्तीनं. हळूच मान वळवून ती त्याचे डोळे मिटलेले आहेत ना ते बघते. पुन्हा खिडकीकडे बघते तर तिथे कुणी नाही. उरलेली रात्र ती टक्क जागी. सकाळी न्याहारीला तो विचारतो, तुझा चेहरा असा का? ती म्हणते, काही नाही.

इथवर ही नेहमीची भुताची गोष्ट आहे. पण तो बाहेर पडतो, वाटेत त्याला दुसरा एक डॉक्टर मित्र भेटतो, आणि हा सहज विचारल्यासारखं विचारतो, फेचबद्दल तुझं काय मत? मित्र म्हणतो, पोट बिघडलं आणि मेंदू तापला की माणसाला असलं काही दिसतं, तुलाही हे ठाऊक आहेच. त्यावर हा म्हणतो, मग माझंही तसंच झालं असणार, कारण काल रात्री चांदण्यात मी स्वतःलाच टेबलाशी उभं पाहिलं, आणि मला भीती वाटते की बायकोनंही पाहिलं, पण तिला विचारायचा धीर होत नाही. त्याच रात्री त्याच सुमाराला त्याला गुदमरायला लागतं. ती कसेबसे कपडे अंगावर घेऊन त्या मित्राकडे धावते. मित्र येतो, पण फुप्फुसातली रक्तवाहिनी फुटलेली असते. संपलं.

एका पलंगावर दोघं जागे, दोघांनी पाहिलेलं, आणि दोघं गप्प.

मला यातल्या फेचची भीती वाटत नाही. तो बिचारा नुसता पुस्तकात बघत उभा आहे. मला त्या न्याहारीची भीती वाटते. चहा ओतला असेल, पाव पुढे केला असेल, काही नाही ना, काही नाही, असं बोलणं झालं असेल. एकमेकांना वाचवण्यासाठी त्या दोघांनी शेवटचा दिवस एकेकट्यानं काढला. हे प्रेम म्हणायचं की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. एक दिवस वाटतं, किती थोर. दुसऱ्या दिवशी वाटतं, अरे बोला ना!

शास्त्रज्ञांनी या प्रकाराचा नाद सोडलेला नाही. 1882 मध्ये लंडनला अशा अनुभवांचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली. तिच्यामागे ज्यांची धडपड होती ते विल्यम बॅरेट डब्लिनमध्ये पदार्थविज्ञान शिकवायचे. या मंडळींनी पुढे सतरा हजार लोकांना विचारून पाहिलं की जागेपणी, तिथे नसलेलं कुणी तुम्हाला दिसलंय किंवा ऐकू आलंय का. जवळजवळ दहांतला एक हो म्हणाला. 2006 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये अपस्माराच्या एका तरुण रुग्ण मुलीच्या मेंदूला डाव्या बाजूला कानाच्या वरच्या भागात विजेचा सौम्य झटका दिला, तर तिला आपल्यामागे कुणीतरी असल्याचं जाणवायला लागलं. ती आडवी असली की तेही आडवं. ती गुडघ्यांना मिठी मारून बसली की ते तिला मिठी मारून बसे, आणि ते तिला अजिबात आवडेना. वाचायला कार्ड हातात दिलं तर म्हणाली, याला माझं कार्ड घ्यायचंय. हे वाचून अंगावर काटा आला, पण त्यानं केनेडींच्या गोष्टीतल्या डॉक्टरांचं कोडं अर्धंच सुटतं. आपल्याला आपण दिसणं हे मेंदूच्या खात्यावर टाकता येईल. आपण दुसऱ्याला दिसणं हे त्या दुसऱ्याच्या काळजीच्या खात्यावर टाकावं लागतं. ज्याच्या जिवाला आपण घाबरलेले असतो तोच आपल्याला नको तिथे दिसतो.

गंमत अशी की मरण झाल्यानंतर आयरिश माणसाइतकं मोकळं कुणी नाही. गावोगावच्या रेडिओवर रोज मृत्यूंची यादी वाचतात. मृत्युवार्तांसाठी आरआयपी डॉट आयई नावाची वेबसाइट आहे आणि ती लोक सकाळी हवामान बघावं तशी बघतात. 2024 मध्ये 'आयरिश टाइम्स'नं ती विकत घेतली, यावरून काय ते समजा. कुणी गेलं की दोन-तीन दिवसांत सगळं उरकतं, पण तेवढ्यात अख्खं गाव रांगेत उभं राहून घरच्यांचा हात हातात घेऊन जातं. शव घरातच ठेवलेलं, शेजारी सँडविचेस आणि चहा, घड्याळ बंद केलेलं, आरसा झाकलेला आणि गेलेल्या माणसाचे किस्से. आमच्या आजीबाई तर अशा रांगा चुकवतच नाहीत. आणि तरी मरण यायच्या आधी तोंडाला असं कुलूप! झाल्यावर सगळं सांगायचं, होण्याआधी काही नाही.

आपल्याकडेही खोटं बोलून मरण परतवायची पद्धत आहेच, आणि ती याहून नाटकी. डोक्यावर कावळा बसला तर तो माणूस गेल्याची खोटी बातमी लांबच्या नातेवाइकांना कळवायची. ते रडले की गंडांतर टळलं. आमच्या काकाच्या डोक्यावर राजापूरच्या घरी आडावर आंघोळ करताना कावळा बसला होता. आजीनं त्याच दिवशी मुंबईच्या आत्याला पोस्टकार्ड टाकायला लावलं. वर डाव्या कोपऱ्यात 'श्री' नाही, मजकूर दोन ओळींचा, आणि खाली 'वाचून फाडून टाकणे'. आत्यानं चाळीत हंबरडा फोडला, शेजारणींनी तिला धरलं, दादरला जाऊन एसटीचं तिकीट काढलं. ती निघणार त्याच्या आदल्या दिवशी दुसरं कार्ड पोचलं. काका पुढे चांगला म्हातारा होऊन गेला. आत्या मात्र आजीशी पुढचं वर्षभर बोलली नाही. आजीचं यावर एकच म्हणणं होतं, "रडली ना? मग झालं." तिच्या लेखी तो साधा व्यवहार होता. एकीचं रडणं, दुसऱ्याचा जीव. मला कधी कधी वाटतं, आमच्या आजीची नि शेजारच्या आजीबाईंची गाठ पडायला हवी होती. भाषेची अडचण आली नसती.

ही दोन्ही खोटी मला मनापासून आवडतात. तिसरं एक आहे, त्याच्याबद्दल मात्र माझं मन सरळ राहत नाही.

बाबांच्या वेळी डॉक्टरांनी आम्हाला केबिनबाहेर घेऊन विचारलं होतं, पेशंटला सांगायचं का, ते तुम्ही ठरवा. आम्ही ठरवलं, नाही. आपल्याकडे हे असंच ठरतं. ठरवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. अल्सर आहे, औषधांनी बरं होईल, असं सांगितलं. रिपोर्टचं पाकीट आईनं कपाटात पैठणीच्या घडीखाली ठेवलं. मी डब्लिनहून गेले आणि म्हटलं, रजा उरली होती, वाया जात होती म्हणून आले. बाबा म्हणाले, "बरं झालं. आंबेही मिळतील." घरात सगळे इतके हसतमुख की बाहेरच्याला वाटावं, लग्न निघालंय. ते गेल्यावर कागदपत्रं शोधताना ते पाकीट बाहेर निघालं. मागच्या बाजूला बाबांच्या बँकेतल्या टपोऱ्या अक्षरात विम्याच्या पॉलिसींचे नंबर, मुदतीच्या तारखा, लॉकरची किल्ली कुठे आहे ते, आणि पेपरवाल्याचे एकशे चाळीस द्यायचे राहिलेत, हे. लिहून पाकीट पुन्हा त्याच घडीखाली, त्याच बाजूनं ठेवलेलं.

केनेडींची ती डॉक्टरची गोष्ट मी यानंतर वाचली. त्यामुळे मला त्या बायकोत आई दिसते आणि खिडकीजवळ पुस्तकात बघणाऱ्या त्या प्रतिमेत पाकिटाच्या पाठीवर हिशेब लिहिणारे बाबा. आणि त्या मित्राची जागाही आमच्याकडे रिकामी नव्हती. बाबांच्या सकाळच्या फिरण्यातले एक सोबती तेराव्याला जेवून निघताना चपला घालता घालता म्हणाले, "मला त्यांनी गणपतीतच सांगितलं होतं. मी म्हटलं, लॅबवाले काय काहीही लिहितात हो, पित्त असेल." हे सांगताना त्यांना रडू आलं. घरी बोलू नका अशी बाबांनी त्यांना शपथ घातली होती, बायको खचेल म्हणून.

ते गेल्यावर मी आईला विचारलं. मला वाटलं होतं ती कोसळेल. ती उरलेले बुंदीचे लाडू डब्यात भरत होती. म्हणाली, "मला माहीत होतं त्यांना माहीत आहे ते. जन्मभर प्रत्येक गोळीला 'ही कशाची' विचारणारा माणूस. दसऱ्यानंतर विचारायचे बंद झाले. देईन ती घ्यायचे." मग झाकण लावून डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, हे त्या फिरायला जाणाऱ्या काकांकडे देऊन ये, त्यांना साजूक तुपातले चालतात.